आधी भिंत बघा, मग गिटार

प्रश्न : वय ४३. मुलुंड पूर्वेला वन बीएचकेमध्ये राहतो, नोकरी फोर्टातल्या एका बँकेत. कॉलेजात आमचा चौघांचा बँड होता. गॅदरिंगपुरताच, पण होता. रंगभवनच्या खुल्या नाट्यगृहात उभं राहून इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव ऐकलेला माणूस आहे मी. पुढे नोकरी, बदली, लग्न. गिटार एका मित्राला देऊन टाकली ती टाकलीच. यंदा बोनसमधले ३० हजार बायकोने ‘घे एकदाची’ म्हणून मोकळे केले आहेत. व्हिडिओत बघून गिब्सन कंपनीच्या लेस पॉलच्या आकाराची एक इलेक्ट्रिक गिटार मनात भरली आहे, किंमत २६ हजार. उरलेल्या चार हजारांत अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बसवावा म्हणतो. किती वॉटचा घेऊ? की सगळंच सेकंडहँड बघू? मुलगी नववीत आहे, आणि आमच्या पलंगामागच्या भिंतीपलीकडे शेजारचे आजोबा झोपतात. बायको म्हणते, दोन महिन्यांत गिटार माळ्यावर जाणार. आणखी एक, या वयात पुन्हा क्लास लावावा का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नमस्कार. पत्र वाचताना माझं लक्ष लेस पॉलवर कमी आणि पलंगामागच्या त्या भिंतीवर जास्त गेलं. तुम्ही खरेदी वरून सुरू केली आहे : आधी आवडलेली गिटार, मग उरल्या पैशांत अ‍ॅम्प, मग घरात जमेल तसं वाजवू. मी म्हणेन, खालून सुरू करा. किती वाजता वाजवणार आणि कुठे बसून, हे आधी ठरवा. त्यावरून अ‍ॅम्प ठरेल. गिटार सगळ्यात शेवटी.

फोर्टातून सुटून तुम्ही मुलुंडला उतरणार साडेसात-आठला. जेवण, मुलीचं गणित, उद्याचा डबा काय यावरची चर्चा, हे सगळं उरकून गिटार हातात येणार ती रात्री दहाच्या सुमारास. आणि दहालाच कायद्याची रात्र सुरू होते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते सकाळी ६, ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नेहमीच्या आवाजातल्या गप्पासुद्धा ४५च्या वर जातात. आजोबा काही पोलिसांत जाणार नाहीत. ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतील, आणि ते जास्त महागात पडतं. तुमचं रंगभवनसुद्धा शेवटी शांतता क्षेत्राच्या नियमांपुढेच गप्प झालं. मुलुंडच्या वन बीएचकेची काय कथा.

तेव्हा तुमचं बहुतेक वाजवणं हेडफोनवर होणार, हे आजच मान्य करून टाका. एकदा ते मान्य केलं की वॉटचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा असा : वॉट आणि कानाला जाणवणारा आवाज सरळ प्रमाणात वाढत नाहीत. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबलची भर पडते. दहापट केले, तर आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे १०० वॉटचा अ‍ॅम्प १० वॉटच्या दहापट मोठा नसतो, जेमतेम दुप्पट असतो. आणि १० वॉटसुद्धा तुमच्या हॉलला पुरून उरतात. ३ ते १० वॉटच्या मधलं काहीही चालेल. अट एकच, हेडफोनचं भोक असलंच पाहिजे. दुकानदार ‘पुढे बँडबिंड केलात तर’ म्हणून मोठा अ‍ॅम्प गळ्यात मारू बघेल. पुढे बँड केलात तर जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या भाड्याच्या खोलीत, अ‍ॅम्प ठेवलेलाच असतो. मुलुंडहून तो कोणी लोकलने नेत नाही.

या कामाचे तीन मार्ग आहेत. पहिला, वॉक्सच्या अ‍ॅमप्लगसारखा तळहातात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प. थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचायचा, त्यात हेडफोन लावायचा, झालं. स्वस्त, दोन छोट्या सेलवर चालणारा आणि उचलला की सुरू. पण रविवारी सकाळी मुलीला काहीतरी वाजवून दाखवावंसं वाटलं तर स्पीकरच नाही. दुसरा, स्पीकर असलेला छोटा अ‍ॅम्प. न्यूएक्सचा मायटी लाइट किंवा ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ हे ३ वॉटचे आहेत, टेबलाच्या कोपऱ्यात मावतात. फेंडरचा फ्रंटमन १०जी थोडा मोठा, १० वॉटचा आणि अगदी साधा : क्लीन म्हणजे स्वच्छ आवाज, ओव्हरड्राइव्ह म्हणजे रॉकचा फाटका आवाज, आणि तीन-चार बटणं. बॉसचा कटाना ५० सगळे सुचवतील. तो अर्ध्या वॉटवर उतरवता येतो आणि उत्तम आहे, पण तुमच्या ३० हजारांचा मोठा लचका तोडेल. तिसरा मार्ग ऑडिओ इंटरफेसचा : गिटार लॅपटॉपला जोडायची आणि अ‍ॅम्प सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा. आवाजाचा दर्जा बघितला तर खर्चाच्या मानाने हाच मार्ग सगळ्यात पुढे आहे, काही चांगली सॉफ्टवेअर तर फुकट मिळतात. तरी तुम्हाला मी तो सुचवणार नाही. दिवसभर बँकेचा स्क्रीन बघून आलेला माणूस रात्री दहाला पुन्हा लॅपटॉप उघडतो, अपडेट मागितलं जातं, ड्रायव्हर सापडत नाही आणि तेवढ्यात झोप येते.

मी तुमच्या जागी असतो तर दुसऱ्या मार्गाने गेलो असतो आणि त्यासाठी ७-८ हजार बाजूला काढले असते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा : हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथच्या इअरबड्समध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. गाणं ऐकताना ते कळत नाही. वाजवताना मात्र बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो, माणूस वेडा होतो. अ‍ॅम्पला ब्लूटूथ असेल तर ते फोनवरचं गाणं अ‍ॅम्पमध्ये सोडून त्याच्याबरोबर वाजवायला वापरा, तिथे उशीर आड येत नाही. अ‍ॅम्पचं हेडफोनचं भोक मोठं असलं तर लागणारा अ‍ॅडॅप्टर लॅमिंग्टन रोडवर किरकोळीत मिळेल.

आता तुमची लेस पॉल. मन मोडायला बरं वाटत नाही, आणि त्या आकाराच्या बाजूने बोलण्यासारखंही आहे. गिब्सन घराण्याच्या गिटारवर तारेची वाजती लांबी २४.७५ इंच असते, फेंडर घराण्याच्या बहुतेकांवर २५.५. पाऊण इंच कमी म्हणजे त्याच जाडीची तार त्याच सुराला थोडी सैल राहते, बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, सोपा जातो. चाळिशीतल्या बोटांना ही मदत कमी नाही. शिवाय तिच्यावर सहसा हंबकर जातीचे पिकअप (तारांखाली बसून त्यांचं कंपन पकडणारे चुंबक आणि कॉइल) असतात, त्यांच्याकडे वळतोच.

पण तिचं डोकं मागे झुकलेलं असतं आणि मान जिथे डोक्याला मिळते तिथे लाकूड बारीक असतं. स्टँडवरून पाठीवर पडली की तिथेच मोडते. गिटार दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा. वन बीएचकेमध्ये, पलंग आणि टीपॉयच्या मधल्या जागेत, जिथून दिवसाला पन्नास वेळा कोणीतरी जाणार आहे, तिथे ही जोखीम कशाला? वजनही बहुधा जास्त. स्ट्रॅटोकास्टर आकाराच्या गिटारचं डोकं सरळ असतं, मान स्क्रूने बसवलेली असते, आणि पाठीला पोटाच्या बाजूने खोलगट कापलेलं असल्याने पलंगावर बसून वाजवताना ती अंगाला टोचत नाही. चाळिशीनंतर या कापाचं मोल जास्त कळतं.

फेंडरने स्ट्रॅटोकास्टर १९५४मध्ये आणली ती तीन सिंगल कॉइल पिकअपची. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ, टणत्कारी, पण तिला घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, सगळे तुमच्या गाण्यात कोरस धरतात. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५मध्ये यावर तोडगा काढला. दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडल्या, की तारेचा सूर मिळून वाढतो आणि गुणगुण परस्पर कटते. हाच हंबकर. हेडफोनवर गुणगुण थेट कानात येते, त्यामुळे तुमच्या गिटारवर निदान एक हंबकर असावाच. पुढे मानेकडे दोन सिंगल कॉइल आणि मागे ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, एक हंबकर, ज्याला दुकानात एचएसएस म्हणतात, ती मांडणी तुम्हाला सगळ्यात सोयीची. जुनी हिंदी गाणी पुढच्या पिकअपवर, रंगभवनच्या आठवणी मागच्यावर.

गुणगुणीवरून आठवलं. इमारत जुनी असेल तर गिटार आणायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. भिंतीत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थची वायर जोडलेली असतेच असं नाही. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. वाजवताना बोटांना झिणझिण्या आल्या तर गिटार खाली ठेवा, आधी वायरिंग.

गिटारला १७-१८ हजार धरा. या रकमेच्या आसपास बघायची नावं म्हणजे यामाहाची पॅसिफिका ०१२, फेंडरच्याच स्क्वायरची सॉनिक मालिका, आयबानेझची जिओ आणि कोर्ट. कोर्टला दुकानात कोणी भाव देत नाही, पण ही कोरियन कंपनी इतर मोठ्या नावांसाठीही गिटार बनवून देत आली आहे. माझा कल पॅसिफिकाकडे : एचएसएस मांडणी आणि फारसे लाड न मागणारी. तिचीच थोरली बहीण ११२व्ही जास्त चांगली आहे, पण नवी घेतलीत तर हिशेब कोलमडेल. सेकंडहँडमध्ये सापडली तर मात्र सोडू नका. भाव दुकानागणिक हलतात, दोन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. फ्लॉइड रोझ ब्रिजवाली, म्हणजे तारा दोन्ही टोकांना जखडून ठेवणारी, गिटार कितीही स्वस्तात दिली तरी नको. तिच्यावर एक तार बदलायला संध्याकाळ जाते.

उरलेले चार हजार कुठे, तर त्यातले दीड-दोन हजार सेटअपला, म्हणजे कारागिराकडून गिटार नीट जुळवून घ्यायला. हा खर्च लोक टाळतात आणि मग ‘माझी बोटंच आता चालत नाहीत’ म्हणतात. कारखान्यातून आलेली स्वस्त गिटार म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानातली पँट, शिंप्याकडून फिटिंग केल्याशिवाय अंगाला बसत नाही. बहुतेक वेळा नटमधल्या, म्हणजे मानेच्या डोक्याकडच्या टोकाला तारा धरणाऱ्या पट्टीतल्या, खाचा उथळ ठेवलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा उंच राहतात. नेमके तिथेच तुमचे सी, डी आणि तो छळणारा एफ हे कॉर्ड असतात. दुकानातच बघा : तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते न्याहाळा. केसाएवढी असावी. जास्त असेल तर नट घासून घ्यावा लागेल. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखालची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठीक. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळला पाहिजे. ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई), ब्रिज, नट, हे सगळं एका बैठकीत होतं आणि त्यानंतर १८ हजारांची गिटार सेटअप न केलेल्या ३०च्या गिटारला सहज मागे टाकते. बाकी पैसे केबल, पट्टा, पिक, हेडफोन आणि तारांचा एक जादा सेट. ट्यूनर फोनवर फुकट आहे. पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाने दाबायची डबी, एकही नको, अ‍ॅम्पमध्ये आहे तेवढं पुरे.

तुम्ही फोर्टात आहात हे नशीब. ऑफिस सुटल्यावर मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत गेलात की धोबी तलावला फुर्टाडोज आहे, १८६५पासूनचं. पहिल्या दिवशी फक्त वाजवून बघा, पाकीट घरी ठेवून गेलात तरी चालेल. तीन-चार गिटार मांडीवर घ्या, अ‍ॅम्पला न लावता वाजवा. मानेच्या कडेवरून तळवा फिरवा, फ्रेटची टोकं बोचतात का बघा. लाजू नका, तिथे तुमच्याहून वाईट वाजवणारे रोज येतात. विकत घ्याल तो दिवस रविवार असू द्या. संध्याकाळी साडेसहाच्या कल्याण फास्टमध्ये गिटार घेऊन चढणं हे फर्स्ट क्लासचा पास असला तरी धाडसच.

सेकंडहँडला माझा विरोध नाही. परदेशी शिकायला निघालेली मुलं पावसाळ्यात चांगली गिटार घाईने विकतात. बघायला जाताना अ‍ॅम्प जिथे असेल तिथेच भेटा, स्टेशनच्या पुलावर नको. सगळी बटणं गोल फिरवा. खरखर आली तर साफसफाईने जाते, भाव पाडायला कारण मिळालं. जॅक हलवून आवाज तुटतो का बघा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. मान डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी नेम लावून बघा : किंचित बाक चालतो, पीळ चालत नाही. ब्रिजचे स्क्रू गंजलेले असणारच, ही मुंबई आहे, पण ते फिरले पाहिजेत. आणि गिब्सनचं नाव लिहिलेली गिटार कोणी २५ हजारांत देत असेल तर ती गिब्सनची नाही.

बायकोच्या म्हणण्याचं काय करायचं? त्यांचा अंदाज बरोबर आहे, गिटार बॅगेत ठेवलीत तर. बॅगेतून काढणं, केबल शोधणं, अ‍ॅम्प कपाटावरून उतरवणं, एवढं करायला रात्री दहाला कोणात त्राण नसतं. गिटार हॉलमध्ये भिंतीला हुकवर टांगा, अ‍ॅम्प तिच्या खाली, केबल आणि हेडफोन तिथेच. फक्त बाहेरच्या बाजूची, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. जून ते सप्टेंबर वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर आठवड्याभरात काळ्या पडतात. त्या चार महिन्यांत मान थोडी हलेल आणि तारांची उंची बदलेल. घाबरू नका, सेटअप करणाऱ्याकडे ट्रस रॉडचा पाव फेरा, एवढंच. दिवसा टीव्ही चालू असताना गिटार अ‍ॅम्पशिवाय वाजवली तरी तुम्हाला पुरेल एवढं ऐकू येतं. पण मुलगी त्याच खोलीत पाठांतर करत असेल तर तेवढंही नको.

हाताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. कॉर्डचे आकार बोटांना आठवतील, वेग आठवणार नाही, आणि पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोकं दुखतील. तारा ९-४२ या बारीक मापाच्या घ्या, जाड नकोत. कॉलेजात अकूस्टिक वाजवली असेल तर दाबून धरायची सवय असणार. इलेक्ट्रिकच्या बारीक तारा जोरात दाबल्या की सूर वर चढतो, आणि माणूस ट्यूनिंगला दोष देत बसतो. सूर वाजेल इतकंच दाबा. दुसरं, अकूस्टिकवर न वाजवलेली तार गप्प असते असं आपण धरून चालतो. इथे प्रत्येक तार बोलते. उजव्या तळव्याची कड आणि डाव्या हाताची मोकळी बोटं यांनी नको त्या तारा झाकणं, म्यूटिंग, हे निम्मं इलेक्ट्रिक वादन आहे. म्हणून पहिला महिना डिस्टॉर्शन (तो फाटका आवाज) बंद ठेवा. मोह होईल, मला माहीत आहे. निदान रोजची पहिली दहा मिनिटं तरी क्लीन वाजवा. मनगट दुखलं तर थांबा. बोटांचं दुखणं चालतं, मनगटाचं नाही.

क्लास आत्ताच लावू नका. महिना-दीड महिना एकटे वाजवा, काय अडतंय ते आधी कळू द्या. मुलुंड-ठाण्याकडे क्लास भरपूर आहेत, पण बऱ्याच ठिकाणी अकूस्टिकवर कॉर्ड आणि स्ट्रमिंग शिकवतात, ते तुम्हाला येतंच. फी विचारायच्या आधी सरांना विचारा, ते स्वतः इलेक्ट्रिक वाजवतात का आणि म्यूटिंग शिकवतात का. हो म्हणाले तर आठवड्याला एक तास, शनिवारी, पुरेसा आहे.